क्यू भरतेय, सीपीयू निवांत: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

रांगेतला_शेवटचा

मंडळी, तीन आठवडे एकच दुखणं घेऊन बसलोय, म्हणून शेवटी धागा काढला.

आमच्याकडे आयबीएम एमक्यू (एका सिस्टिमचे मेसेज दुसरीने उचलेपर्यंत क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, धरून ठेवणारं) आणि त्यावर अॅप कनेक्ट एंटरप्राइझ (ते मेसेज तपासून, बदलून पुढे पाठवणारं) आहे. चार-पाच सिस्टिम्सकडून ऑर्डरचे एक्सएमएल मेसेज येतात. फ्लो (एकामागून एक जोडलेल्या नोड्सची, म्हणजे टप्प्यांची साखळी) ते तपासतो, डेटाबेसात नोंद टाकतो, रूप बदलतो आणि पुढच्या क्यूवर ठेवतो. एरवी सगळं सुरळीत. पण गर्दीच्या वेळी सेकंदाला ४० मेसेज येतात आणि आमचा फ्लो २५ च्या पुढे सरकत नाही. क्यूची मर्यादा मूळचीच होती, ५०००. साडेपाच मिनिटांत ती भरायची, पाठवणाऱ्यांना २०५३ ('क्यू भरली' हा एरर) मिळायचा आणि मला फोन.

आतापर्यंत केलेले उद्योग सांगतो, हसू नका. मशीन ४ कोअरवरून ८ वर नेलं, फरक शून्य. मर्यादा एक लाख केली, तर फोन उशिरा यायला लागला, एवढंच. मग कुणीतरी सांगितलं म्हणून फ्लोचे अॅडिशनल इन्स्टन्सेस (त्याच फ्लोच्या समांतर चालणाऱ्या जादा प्रती) ० वरून १९ केले, म्हणजे एकूण २०. वेग २५ चा २२ झाला! हो, कमी झाला. आणि या सगळ्यात सीपीयू २० टक्क्यांच्या वर गेलेला नाही.

आता वरच्यांचं म्हणणं, 'हे सॉफ्टवेअरच बदला'. तुम्ही लोक मोजता काय आणि कुठल्या क्रमाने?

तिरकस_तीर

क्यूची मर्यादा वाढवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून मोठा थर्मामीटर आणणं. वाचतोय.

बायटाबायटाने

सॉफ्टवेअर बदलायची घाई नको. नाचता येईना अंगण वाकडे असं व्हायचं. नवीन अंगणातही हाच नाच होईल.

लॉगवाचक

पहिली गोष्ट, क्यूची खोली (तिच्यात किती मेसेज पडलेत तो आकडा) एकटी काही सांगत नाही. ३००० मेसेज पडलेत म्हणजे वाईटच असं नाही. रात्रीच्या बॅचने एकदम ओतले असतील आणि दोन मिनिटांत उपसले जाणार असतील, तर तुम्ही झोपा. उलट १२ मेसेज पडलेत पण सगळ्यात जुना ४० मिनिटांचा आहे, तर उठा. आमच्याकडे अलार्म खोलीवर होता तेव्हा रोज रात्री वाजायचा आणि सगळ्यांनी तो ऐकणंच सोडून दिलं होतं. सर्वांत जुन्या मेसेजच्या वयावर नेला, तेव्हापासून वाजला की खरंच काहीतरी असतं.

डिस्प्ले क्यूस्टेटस ही कमांड चालवा आणि खोलीसोबत हेही बघा: सर्वांत जुन्या मेसेजचं वय, मेसेज क्यूवर सरासरी किती वेळ थांबतो, क्यू वाचायला उघडून किती जण बसलेत, आणि कमिट न झालेले (अजून कायमचे पक्के न केलेले) बदल आहेत का. वय आणि थांबण्याचा वेळ रिकामा आला तर घाबरू नका. मॉनक्यू हे सेटिंग क्यू मॅनेजरवर (क्यू सांभाळणारा एमक्यूचा मुख्य भाग) मुळात बंद असतं. ते चालू केल्याशिवाय हे आकडे जमतच नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरं, फ्लोचे अकाउंटिंग अँड स्टॅटिस्टिक्स (कुठे किती वेळ गेला याची मोजणी) चालू करा. स्नॅपशॉट साधारण दर २० सेकंदांनी मिळतो, आर्काइव्ह मुळात तासाने. नोडनिहाय आकडे घ्या, नुसत्या फ्लोचे नकोत. त्यात इलॅप्स्ड टाइम (घड्याळात गेलेला) आणि सीपीयू टाइम (प्रोसेसर खरोखर राबलेला) असे दोन वेगळे आकडे येतात. या दोघांतली दरी म्हणजे तुमचा चोर. सीपीयू टाइम मोठा असेल तर कोड जड आहे. सीपीयू टाइम छोटा आणि इलॅप्स्ड मोठा, तर फ्लो कुणाची तरी वाट बघत बसलाय. मग आठ काय, ऐंशी कोअर लावा.

सुलभा_एस

+१. एक भर. स्नॅपशॉटमध्ये 'जास्तीत जास्त थ्रेड्सची मर्यादा किती वेळा गाठली' (प्रत्येक इन्स्टन्सला एक थ्रेड) असाही आकडा असतो. तो शून्य असेल तर इन्स्टन्स वाढवून उपयोग नाही, कारण आहेत तेच रिकामे बसलेत. तो मोठा असेल तरी लगेच वाढवू नका. थ्रेड सगळे अडकलेत हे कळलं, पण कशात अडकलेत ते अजून कळलेलं नाही.

ईएसक्यूएल_पीडित

माझा अंदाज: पार्सिंग, म्हणजे मेसेज वाचून त्याचं झाड बनवणं. एक्सएमएल आहे म्हणताय तर पार्सर कुठला आहे बघा. जुन्या फ्लोंमध्ये एक्सएमएलएनएस राहून गेलेला असतो, तो एक्सएमएलएनएससी करा. आणि लूपच्या अटीत कार्डिनॅलिटी (किती घटक आहेत ते मोजणारं फंक्शन) लिहिलीय का? ती प्रत्येक फेरीला झाड पुन्हा मोजते. मी एकदा असा फ्लो बघितला की हजार ओळींच्या ऑर्डरला प्रत्येक ओळीसाठी आधी हजार मोजायच्या आणि मग इंडेक्स देऊन पुन्हा पहिल्यापासून चालत जायचं. रेफरन्स व्हेरिएबल घेऊन पुढच्या भावंडाकडे सरकत गेलो, तर मिनिटाचं काम दोन सेकंदांवर आलं. त्या दिवशी ऑफिसात माझी कॉलर ताठ होती.

लॉगवाचक

@ईएसक्यूएल_पीडित, तसं असतं तर सीपीयू पेटला असता. त्यांचा २० टक्क्यांवर आहे.

ईएसक्यूएल_पीडित

बरोबर. कॉलर खाली.

बिझटॉकवाला_माजी

मी दुसऱ्या गल्लीतला, पण एक सांगतो. कधीकधी सॉफ्टवेअर स्वतःच मुद्दाम हळू चालत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. बिझटॉकमध्ये (मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर) मेसेजबॉक्स डेटाबेसात मेसेजची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे, मुळात ५०,०००, गेली की तो आपणहून थ्रॉटलिंग सुरू करतो. आमच्याकडे सफाईचे एसक्यूएल एजंट जॉब कुणीतरी देखभालीसाठी बंद केले आणि परत चालू करायला विसरलं. आठवडाभर आम्ही नेटवर्कवाल्यांशी भांडत होतो. थ्रॉटलिंग स्टेटचा काउंटर पहिल्या दिवशी बघितला असता तर भांडण टळलं असतं. रॅबिट एमक्यूसुद्धा मेमरीची रेघ ओलांडली की पाठवणाऱ्यांना अडवून धरतो. तो बिघाड नसतो, ती सोय असते. फक्त माहीत असावी लागते.

डिस्कवर_दया_करा

सगळे मेसेज पर्सिस्टंट आहेत का? बहुतेक असणारच, 'कशाला धोका घ्या' म्हणून. पर्सिस्टंट म्हणजे कमिटच्या वेळी लॉग डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबायचं. एका थ्रेडचं साधं गणित करा: डिस्क एक लेखन ५ मिलिसेकंदांत करत असेल तर तो थ्रेड सेकंदाला २०० च्या वर कमिट करूच शकत नाही. सीपीयू कितीही द्या. लॉग वेगळ्या वेगवान डिस्कवर ठेवा आणि डेटा फाइल्ससोबत त्यांची गर्दी करू नका. जमत असेल तर एका कमिटमध्ये १०-२० मेसेज घ्या.

आणि जे परत मागवता येतात असे मेसेज नॉन-पर्सिस्टंट करून टाका. दराच्या चौकश्या, स्टेटस विचारणं वगैरे.

सुलभा_एस

शेवटच्या वाक्याला जोरदार असहमती. म्हणजे तत्त्वतः ठीक आहे, पण 'परत मागवता येतो' हे कोण ठरवणार? क्यू मॅनेजर रीस्टार्ट झाला की नॉन-पर्सिस्टंट मेसेज गेले. आमच्याकडे एका उत्साही मित्राने असं करून वेग दुप्पट केला, टाळ्या घेतल्या आणि बदली घेऊन गेला. पुढच्या रीस्टार्टला जे हरवलं ते हुडकत आम्ही बसलो. ऑर्डरला तर हात लावूच नका.

डिस्कवर_दया_करा

ऑर्डरला मीही लावा म्हटलं नव्हतं. पण मुद्दा मान्य, ठरवणारा माणूस बदली होऊन जाणारा नसावा.

अवांतर: पर्सिस्टंट मेसेज सिंकपॉइंटच्या (एकत्र कमिट होणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या) बाहेर ठेवला की प्रत्येक पुटला लॉगची वाट बघावी लागते. एकच मेसेज असला तरी सिंकपॉइंटमध्ये ठेवून कमिट करा, गर्दीत बरेच जण एकाच लेखनात उरकतात. मात्र कमिट फार लांबवूही नका. लॉगची मूळ मांडणी ३ प्रायमरी आणि २ सेकंडरी फाइल्सची, प्रत्येकी १६ एमबी, म्हणजे सगळं मिळून ८० एमबी. एखादा ट्रान्झॅक्शन तासभर उघडा ठेवलात तर सर्क्युलर लॉग भरतो आणि क्यू मॅनेजर त्यालाच मागे फिरवतो.

काफ्काप्रेमी

काफ्कावर या (मेसेज क्यूऐवजी लॉगमध्ये ओळीने साठवणारं), २०११ पासून ओपन सोर्स आहे. क्यूच नाही तर भरणार काय? :)

तिरकस_तीर

तिथे त्याला लॅग (वाचायचे राहिलेले मेसेज) म्हणतात आणि तो दिसायला छान ग्राफ असतो.

काफ्काप्रेमी

चला, तेही खरं. आमच्याकडेही 'कन्झ्युमर वाढवा' वाले आहेतच. पार्टिशन (लॉगचे भाग, प्रत्येकाला ग्रुपमधला एकच वाचक) १२ आणि ग्रुपमध्ये कन्झ्युमर, म्हणजे वाचक, ३० लावून बसले होते, १८ जण नुसते हजेरीला. त्याहून मजा म्हणजे एका खेपेला मूळच्या सेटिंगप्रमाणे ५०० रेकॉर्ड घ्यायचे आणि प्रत्येकाला एक सेकंद लावायचा. पाच मिनिटांत पुन्हा पोल केला (नवे रेकॉर्ड मागितले) नाही की ग्रुप समजतो हा मेला. मग रीबॅलन्स (कामाची फेरवाटणी), मग तेच ५०० दुसऱ्याला, मग तोही 'मरतो'. सगळे अहोरात्र राबतायत आणि ऑफसेट (कुठवर वाचून झालं ती खूण) तिथेच. रेकॉर्डची संख्या ५० केली आणि सगळं शांत.

पीएचडी_इन_रीस्टार्ट

हळूच विचारतो. रीस्टार्ट करून बघितलं का?

अनुस्वार

भाषिक अवांतर: 'क्यू' ला 'रांग' म्हणायला काय हरकत आहे? रांग भरली, रांग तुंबली, रांगेची खोली.

बायटाबायटाने

रांगेला लांबी असते, खोली नसते. खोली म्हटली की विहीर होते. :)

जुना_जाणता

नावांचा विषय निघालाच आहे तर... मी हे १९९३ साली आलेल्या एमक्यूसिरीजपासून बघतोय. त्याचं वेबस्फियर एमक्यू झालं, मग २०१४ ला आयबीएम एमक्यू. वरचं इंजिन आधी एमक्यूसिरीज इंटिग्रेटर, पुढे मेसेज ब्रोकर, २०१३ ला इंटिग्रेशन बस, २०१८ ला अॅप कनेक्ट एंटरप्राइझ. पण बऱ्याच कमांड्स अजून एमक्यूएसआयनेच सुरू होतात. नवीन पोरं विचारतात हे एसआय काय, तर ते त्या पहिल्या नावातलं सिरीज इंटिग्रेटर. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही.

धागाकर्त्या, ट्रेस (फ्लोच्या पावलापावलाची नोंद) बंद आहे ना हे बघ. मी स्वतः एकदा एका फ्लोचा युजर ट्रेस दुपारी चालू केला, उत्तर सापडलं, आनंदात घरी गेलो. चार दिवस तो चालूच. सगळी टीम 'परवापासून हळू का झालं' शोधतेय आणि शोधणाऱ्यांत मी सर्वांत पुढे. आता कीबोर्डाशेजारी कागद ठेवतो: काय चालू केलं, किती वाजता. बंद केल्यावर रेघ मारायची. मोजायची साधनंही त्याच मशीनचं रक्त पितात.

गणिती_किडा

जॉन लिटलचा नियम, १९६१ ला सिद्ध झालेला: सिस्टिममध्ये असलेल्यांची सरासरी संख्या = येण्याचा दर × आत राहण्याचा सरासरी वेळ. धागाकर्त्याचे आकडे टाका. एक इन्स्टन्स, सेकंदाला २५, म्हणजे प्रत्येक मेसेजला ४० मिलिसेकंद. आता २० इन्स्टन्स, सगळे कायम कामात आणि दर २२, म्हणजे प्रत्येकाला २० भागिले २२, साधारण ९०० मिलिसेकंद. तेच काम ४० चं ९०० कसं झालं? काम वाढलेलं नाही, आपसातली वाट बघणं वाढलंय. वीस जण एकाच अरुंद दारातून जातायत. ते दार शोधा.

आणि सरासरीवर विसंबू नका. ९९ मेसेज २० मिलिसेकंदांत आणि एक ८ सेकंदांत गेला तर सरासरी येते १०० मिलिसेकंद. छान दिसते, पण १०० लागलेला एकही मेसेज त्यात नाही. पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातले ९५ किंवा ९९ किती वेळाच्या आत गेले ते.

लॉगवाचक

मान गए. दार बहुतेक डेटाबेसातच निघणार. नोडनिहाय आकडे टाका हो कुणी.

रांगेतला_शेवटचा

आलो. काल गर्दीत आकडे घेतले. आधी दोन गोष्टी: ट्रेस बंदच होता, आणि रीस्टार्ट सातदा झालाय. :(

एका इन्स्टन्सला: पार्सिंग आणि तपासणी २ मिलिसेकंद, 'क्रमांक घ्या' नावाचा कॉम्प्युट नोड ३, ग्राहकाची माहिती आणणारा एचटीटीपी कॉल २२, बाकी रूपांतर, नोंद, पुट आणि कमिट मिळून १३. एकूण ४०. सीपीयू टाइम फक्त ६.

वीस इन्स्टन्सना: एकूण साधारण ९००, गणितीभाऊंना दंडवत. त्यातले ८६० एकट्या 'क्रमांक घ्या' मध्ये! आणि त्या नोडचा सीपीयू टाइम १ च्या आत.

नोड उघडून बघितला. डेटाबेसात एक टेबल, त्यात एकच ओळ, त्यात शेवटचा ऑर्डर क्रमांक. फ्लो तो एकाने वाढवतो आणि वाचतो. हा कोड कुणी लिहिला ते बघायला गेलो. मीच, चार वर्षांपूर्वी.

तिरकस_तीर

खुनी सापडला, तक्रार नोंदवायला तोच आला होता.

लॉगवाचक

सापडलं! कॉम्प्युट नोडचा ट्रान्झॅक्शन 'ऑटोमॅटिक' असणार, म्हणजे डेटाबेसचं कमिट फ्लोच्या शेवटी. त्या एका ओळीवरचं लॉक (दुसऱ्याला हात लावू न देणारं कुलूप) तोपर्यंत सुटत नाही. क्रमांक घेतला की लॉक हातात, मग २२ मिलिसेकंद दुसऱ्याच सर्व्हरची वाट बघायची लॉक धरूनच, मग बाकीचे १३. म्हणजे ३८ मिलिसेकंद दार बंद, १००० भागिले ३८, सेकंदाला २६. एका इन्स्टन्सला ४० मिलिसेकंद म्हणून २५, आणि कितीही लावले तरी या दारामुळे त्याच्या फार पुढे जाता येत नाही. इन्स्टन्स २० करा नाहीतर २००, २६ चं छत हलणार नाही. उलट लॉकसाठीची मारामारी वाढून २२.

उपाय सोपा. डेटाबेसचा सीक्वेन्स (क्रमांक वाटणारी तयार सोय) वापरा, कॅशसकट. लॉकच नाही.

रांगेतला_शेवटचा

सीक्वेन्सचा विचार तेव्हाही झाला होता. ऑडिटवाल्यांना क्रमांकांत खंड चालत नाही. सीक्वेन्सचा क्रमांक रोलबॅक झाला (ट्रान्झॅक्शन मागे फिरला) तरी परत येत नाही, वाया जातो.

काफ्काप्रेमी

मग तो नोड 'कमिट' वर टाका. क्रमांक घेतला की लगेच कमिट, लॉक ३ मिलिसेकंदांत सुटेल.

सुलभा_एस

तिथेही तेच. क्रमांक कमिट झाला आणि पुढे फ्लो पडला तर क्रमांक गेला, ऑर्डर नाही. खंड.

पण मला एक सांगा, क्रमांक हवाय कशाला आणि कुठे? एचटीटीपी कॉलला तो लागतो का?

रांगेतला_शेवटचा

नाही... फक्त नोंदीत आणि जाणाऱ्या मेसेजच्या हेडरमध्ये जातो.

सुलभा_एस

मग तो सुरुवातीला का घेताय? सगळ्यात शेवटी घ्या. आधी एचटीटीपी, रूपांतर, सगळं उरका. मग क्रमांक, नोंद, पुट, कमिट. ट्रान्झॅक्शन तोच, रोलबॅक झाला तर क्रमांकही मागे फिरतो, ऑडिट खूश. लॉक पाच-सहा मिलिसेकंद राहील.

ईएसक्यूएल_पीडित

_/\_ सेटिंग एकही नाही, नुसता नोड उचलून मागे ठेवायचा.

जुना_जाणता

हे बघून त्या एचटीटीपी कॉलचा टाइमआउट किती आहे तेही बघ. समोरचा एखाद दिवशी अडकला की तुझे सगळे थ्रेड तेवढा वेळ तिथे उभे राहतील. आणि क्रमवारीचं काय? एकाच ग्राहकाची ऑर्डर आणि तिचं रद्द करणं मागेपुढे झालं तर? वीस इन्स्टन्स लावताना कुणी विचारलं होतं?

रांगेतला_शेवटचा

काका, कुणीच नव्हतं विचारलं. रद्द करणारे मेसेज वेगळ्या फ्लोला जातात आणि मूळ ऑर्डर सापडली नाही तर थांबून पुन्हा बघतात. नशीब म्हणायचं, नियोजन नव्हे. इनपुट नोडच्या ऑर्डर मोडमध्ये आपल्या फील्डप्रमाणे क्रम राखता येतो हे आता वाचलं, एका ग्राहकाचे मेसेज एकामागून एक आणि बाकीचे समांतर. तेही पुढच्या खेपेला.

गणिती_किडा

इन्स्टन्स आता २० ठेवू नका. लॉक ५ मिलिसेकंद धरलं तर छत २००. तुम्हाला हवेत ४०, थोडी मोकळीक धरून १००. एका मेसेजला ४० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १०० साठी ४ इन्स्टन्स लागतात, ६ घ्या. छताला टेकवून चालवायचंच नाही. साध्या रांगेच्या सूत्रात सर्व्हर ८० टक्के व्यस्त असेल तर एकूण वेळ पाचपट होतो, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. शेवटच्या पाच टक्क्यांची किंमत फार.

रांगेतला_शेवटचा

चार दिवसांनी परत आलो. नोड मागे नेला, इन्स्टन्स एकूण ६. चाचणीत १०,००० मेसेज आधीच क्यूवर साठवून फ्लो सोडला, ७७ सेकंदांत साफ. म्हणजे सेकंदाला १३०. काल खऱ्या गर्दीत सर्वांत जुन्या मेसेजचं वय एक सेकंदाच्या वर गेलं नाही. मर्यादा परत खाली आणतोय. आठपैकी चार कोअर परत देऊ का विचारलं, तर वरचे म्हणाले असू दे.

पीएचडी_इन_रीस्टार्ट

म्हणजे रीस्टार्टने नाहीच झालं. नोंद घेतली.

जुना_जाणता

अभिनंदन. पुढच्या क्यूवर नजर ठेव. तू इतके दिवस धरण होतास.

रांगेतला_शेवटचा

काका, तोंडात साखर नव्हे, काय म्हणू! आत्ताच पुढच्या टीमचा फोन. त्यांची क्यू भरतेय, आम्ही काय बदललं विचारतायत, आणि तोवर त्यांनी मोठ्या मशीनची मागणी टाकलीय.

लॉगवाचक

त्यांचा सीपीयू किती?

रांगेतला_शेवटचा

१५ टक्के. धाग्याची लिंक पाठवतोय.